रेघ

परवा आमच्या शाळेत चित्रकलेची स्पर्धा झाली. विषय वरून आला होता : ‘माझे स्मार्ट शहर’. विषय वरून येतात, कागद आणि रंग मुलांनी घरून आणायचे असतात, आणि या दोहोंची गाठ घालून देणे एवढेच माझ्यासारख्या चित्रकला-शिक्षकाचे काम असते. मी मॅट्रिक झालो आणि चित्रकलेची पदविका घेऊन या नोकरीला लागलो. पुढे कादंबऱ्या लिहू लागलो, पण शाळेत माझी ओळख ‘ड्रॉइंगचे सर’ हीच राहिली. तीच मला आवडते.

दोन तासांत चाळीस-पन्नास शहरे तयार झाली! सगळी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी शोभावीत अशी. आभाळाला टेकलेल्या काचेच्या इमारती, त्यांच्यामधून जाणारे उड्डाणपूल, प्रत्येक खांबावर एकेक कॅमेरा. एका चिरंजीवांनी तर रिक्षालाही पंख लावले होते. गंमत अशी, की ही सारी मुले सांगलीची. परंतु एकाही कागदावर कृष्णा नदी नव्हती. शहर ‘स्मार्ट’ करायचे तर पहिल्यांदा नदी खोडली पाहिजे, अशी त्यांची कशी कोण जाणे समजूत झाली होती.

नदी फक्त एका कागदावर होती. सहावीतल्या एका मुलीने तळाशी निळे पाणी रंगवले होते, काठाला ओळीने घरे काढली होती, आणि प्रत्येक घराच्या भिंतीवर सारख्याच उंचीवर तांबडी आडवी रेघ ओढली होती. वर, चढावर, शाळा आणि दवाखाना होता. इमारती नव्हत्या, कॅमेरे नव्हते. परीक्षक म्हणून आलेल्या पाहुण्यांनी तो कागद उचलला, क्षणभर पाहिला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, “विषय स्मार्ट सिटीचा आहे, ही पुराचं चित्र काढून बसली.”

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. त्या रेघेचा अर्थ त्या खोलीत माझ्याइतका दुसऱ्या कोणाला कळला नसेल. तरीही मी गप्प बसलो. पहिले बक्षीस पंखांच्या रिक्षाला गेले.

त्या गप्प बसण्याचा हिशेब द्यावा म्हणून आज लिहायला बसलो आहे.

स्मार्ट सिटी हा शब्द आपल्याकडे रूढ झाला तो २०१५ सालापासून. त्या वर्षी २५ जूनला केंद्र सरकारने ही योजना जाहीर केली. देशातली १०० शहरे निवडायची, केंद्राने प्रत्येकाला पाचएकशे कोटी द्यावेत, तेवढीच भर राज्याने आणि शहराने घालावी, आणि काम करण्यासाठी प्रत्येक शहरात एक स्वतंत्र कंपनी काढावी, असा तो बेत होता. यंत्रज्ञाने यंत्रे आणावीत, सरकारने धोरण द्यावे, खाजगी मंडळींनी भागी घ्यावी! शंभरही शहरांत मोठमोठ्या पडद्यांचे नियंत्रण-कक्ष उभे राहिले. तिथे बसून म्हणे चौकातली गर्दी दिसते, पाण्याची गळती कळते, कचऱ्याची गाडी कुठे थांबली आहे तेही समजते. मार्च २०२५ मध्ये त्या योजनेची मुदत संपली.

या यादीत सातारा नव्हता, सांगलीही नव्हती. मात्र २०१६ च्या जानेवारीत पहिली २० नावे लागली त्यांत पुणे होते, सोलापूर होते आणि बेळगावही होते. तिन्ही आमच्या शेजारची. आमची अवस्था म्हणजे तिन्ही घरी लग्ने आणि आम्ही मधल्या घरात वरातीचे बँड ऐकत बसलेलो! गावातल्या कट्ट्यावर तेव्हा फार हळहळ झाली. मीही हळहळलो. पण बेळगावचे नाव वाचून मला हळहळीबरोबर एक जुनी गोष्ट आठवली. ती मला माझ्या वडिलांनी सांगितली होती.

बेळगावात एक हिकमती गृहस्थ राहत होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षकी केलेले. ती सोडून त्यांनी भावासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापायची यंत्रे केली, मग लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमिनीला विष चढेल, या भीतीने शेतकरी त्या नांगराला हात लावीनात. तरी यांचा हेका सुटला नाही. कसेबसे बस्तान बसते आहे तोच नगरपालिकेकडून सांगणे आले : गावाची नवी वाढ करायची आहे, आराखड्यात ही जागा येते, कारखाना हलवा. नगररचना नावाच्या शास्त्राने आमच्या भागात मारलेली ही एक पहिली ठोकर. ती ज्यांना बसली त्यांचे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

ठोकर खाल्लेला मनुष्य दोन तऱ्हांनी वागतो. एक तर तो जन्मभर नकाशांना शिव्या देतो, नाही तर स्वतः पेन्सिल हातात घेतो. लक्ष्मणरावांनी पेन्सिल घेतली. त्यांना आधार मिळाला तो औंधच्या पंतप्रतिनिधींचा. औंध हे आजच्या सातारा जिल्ह्यातले एवढेसे संस्थान, आणि तेही सलग नव्हे. एक तुकडा इथे, एक तिथे. कुंडल त्यांपैकीच एक. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना औंधच्या देवळाच्या सभामंडपाचे काम दिले होते. कारखान्यावरचे संकट कळताच त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली, आणि वर दहा हजार रुपये बिनव्याजी. जमीन कसली? खडक, निवडुंग आणि साप. १९१० च्या मार्चात त्या माळावर संसार मांडला गेला. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली, आणि पुढे स्टेशनची पाटीसुद्धा बदलली!

बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, म्हणून मला त्यांच्याविषयी जरा जास्तच जिव्हाळा. दरवर्षी मी मुलांना औंधच्या टेकडीवरचे त्यांचे संग्रहालय दाखवायला नेतो. तिथे रविवर्म्याची चित्रे आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची दगडातली आई आणि तिचे मूलही आहे. राजा चित्रे काढी, सूर्यनमस्कार घाली, आणि माळ मागणाऱ्याला माळ देई! यंत्र, धोरण आणि भागीदारी हे तीन शब्द आज परिषदांतून ऐकू येतात तेव्हा मला ते तीन चेहऱ्यांच्या रूपाने दिसतात. यंत्र लक्ष्मणरावांचे, धोरण बाळासाहेबांचे, आणि भागीदारी? ती त्या माळावर बायकामुलांसह राहायला आलेल्या पहिल्या कुटुंबांची. लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा वसाहतीची व्यवस्था पाहू लागले. शाळा अर्धवट सोडलेली मुले कारखान्यात कर्तबगार निघाली. त्या नांगरांच्या गावातून १९२० साली एक मासिक निघू लागले, १९३० साली ‘स्त्री’ निघाले. गावाचा नकाशा आखताना छापखाना कोणत्या रकान्यात बसवला असेल, मला सांगता येत नाही. पण माझ्यासारख्या लेखकाला ते गाव जवळचे वाटते ते मुख्यतः त्यामुळे.

माझे बालपण या वाडीत गेले. वडील तिथे पॅटर्नमेकर होते. हा शब्द पुष्कळांना परका वाटेल, म्हणून सांगतो. लोखंडाची एखादी वस्तू ओतायची तर आधी तिची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करावी लागते; ती वाळूत दाबून पोकळी करतात, आणि त्या पोकळीत वितळलेले लोखंड ओततात. ही लाकडी प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. वडिलांच्या कपड्यांना सागवानी भुश्शाचा वास येई. त्यांच्या पेटीत एक पोलादी पट्टी होती. एकदा शाळेतल्या चित्रासाठी मी ती गुपचूप घेतली, आणि माझी चौकट जुळेना! माझी शाळेची पट्टी एक सांगे, वडिलांची दुसरे. मी घाबरत घाबरत त्यांना म्हणालो, “बाबा, तुमची पट्टी चुकीची आहे.”

ते हसले. म्हणाले, “चुकीची नव्हे, शहाणी आहे. बिडाचं लोखंड निवताना आखडतं. फुटाला एक दोरा. म्हणून आमच्या पट्टीचा फूट खऱ्या फुटापेक्षा एका दोऱ्याने मोठा. हिनं मोजून पॅटर्न केला, की निवल्यावर वस्तू बरोबर मापाची होते. कागदावर असतं तसं जगात कधी उतरत नाही, बाळ. उतरताना त्याचं काय होणार, ते आधी पट्टीतच धरावं लागतं.”

दोरा म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेव्हा मला त्यातले काही कळले नाही. मी शाळेच्या पट्टीनेच चौकट आखली.

अशी शहाणी पट्टी बाळगणारा नगररचनाकार मला फक्त एक माहीत आहे. तोही परका, स्कॉटलंडचा. पण त्याची गोष्ट आपल्या मराठी माणसांच्या इंदुरात घडली, आणि घडली तीही दिवाळीत! पॅट्रिक गेडिस त्याचे नाव. मूळचा वनस्पतीशास्त्रज्ञ, १९१४ साली हिंदुस्थानात आला. आपल्या मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला तो १९१५ साली, त्याच सुमाराला. नवे रस्ते काढायचे म्हणजे जुनी वस्ती पाडायची, अशी तेव्हाची रीत. गेडिसचे म्हणणे वेगळे होते : आधी गाव पायी हिंडा, माणसांना भेटा, विहिरी पहा, झाडे मोजा, मग शस्त्रवैद्यासारखा अगदी थोडा छेद घ्या. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला अध्यापकही तोच झाला.

होळकरांच्या इंदुरात तो आला तेव्हा शहर प्लेगने ग्रासलेले होते. तो रस्त्याने जाऊ लागला की लोक दूर सरत, आया मुलांना आत ओढून घेत. घरे पाडणारा साहेब तो हाच! गेडिसने काय करावे? त्याने दरबारकडून दिवाळीची मिरवणूक मागून घेतली, आणि दवंडी पिटवली : यंदा मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, ज्या आळीतले लोक आपली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ करतील तिथून ती जाईल. झाले! साऱ्या शहराने केरसुण्या उचलल्या. कचऱ्याच्या गाड्यांवर गाड्या बाहेर पडल्या. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस होता, उंदीर होते, लक्ष्मी होती, आणि शहराचा नवा नकाशाही होता. आदल्या दिवसापर्यंत ज्याची धास्ती वाटत होती त्या नकाशाकडे लोक हात करून विचारू लागले, “आमचं घर कुठं आहे यात?” १९१८ साली गेडिसचा इंदूरविषयीचा अहवाल छापून आला. तो मी वाचलेला नाही. पण मिरवणुकीची गोष्ट वाचली तेव्हा वाटले, नगररचनेतला सर्वांत अवघड प्रश्न हाच असावा. आणि तो नकाशा काढणाऱ्याने विचारायचा नसतो. नकाशा पाहणाऱ्याला तो विचारावासा वाटला पाहिजे. तेच इंदूर २०१७ पासून सलग कित्येक वर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरत आले, याचा आणि त्या जुन्या दिवाळीचा संबंध मी जोडीत नाही. जोडावासा मात्र वाटतो!

आता माझ्या घराकडे वळतो. इतका वेळ मी ते टाळीत होतो, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेलच.

पदविकेच्या निमित्ताने मी साताऱ्यात राहिलो. शाहूमहाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसवलेले ते शहर. वारांच्या नावांच्या पेठा, पायाखाली सदैव चढ नाहीतर उतार. शहराला पाणी येते ते वर डोंगरातल्या कासच्या तलावातून, आपल्या वजनाने उतरत. साताऱ्याच्या माणसाला पाणी म्हणजे वरून येणारी कृपा. सांगलीला येऊन स्थायिक झालो तेव्हा कळले, की तीच कृपा खाली पोहोचेपर्यंत किती निराळी होते! महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडला कोयनेला भेटते; पुढे आमच्या उशाशी, हरिपूरला, वारणा तिला मिळते. साताऱ्याच्या डोंगरात आठ दिवस पाऊस लागला, की आम्ही सांगलीकर एकमेकांना ‘कसे आहात’ असे विचारीत नाही, ‘आयर्विनला किती?’ असे विचारतो. आयर्विन म्हणजे १९२९ साली बांधलेला आमचा पूल. त्याच्यापाशी पाण्याची पातळी मोजतात. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. या पुलाखालच्या पट्टीइतके लक्षपूर्वक वाचले जाणारे दुसरे वाङ्मय आमच्या गावात नाही.

चिंतामणराव पटवर्धनांनी १८०१ साली मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीला गादी मांडली, काठावर गणपतीचे देऊळ उभारले, व्यापाऱ्यांना आणून वसवले. नदी होती म्हणून शहर झाले. हळदीची पेवे काठाच्या मातीत खणली गेली, कारण ती माती हळद वर्षानुवर्षे जपते. २००५ च्या पुरात त्या पेवांतच पाणी शिरले. काठावर येणारा मनुष्य आंधळा नव्हता; तो नदीच्या जिवावर जगत होता. आमचे आजोबाही असेच काठावर आले, आणि तिथल्या एका गल्लीत सोपा, माजघर आणि माळा असे घर बांधून राहिले. नोकरी संपल्यावर वडील त्याच घरात परतले.

२००५ चा पूर ओसरला तेव्हा वडिलांनी सोप्याच्या भिंतीवर, पाणी जिथवर चढले होते तिथे, आपली पट्टी लावून पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढली, आणि खाली तारीख घातली. आईने वरून काव फिरवली. माझ्या कमरेइतकी ती रेघ होती. मी म्हटले, “बरं झालं, आता आपल्याला अंदाज आला.”

वडील म्हणाले, “ही आलेल्या पुराची रेघ आहे. यायच्या पुराची नव्हे.”

२०१२ साली वडील गेले. त्यांची ड्रॉइंगे, पॅटर्नच्या नोंदींच्या वह्या आणि ती पट्टी असलेली पेटी मी सोप्यातल्या फळीवर ठेवली. फळी मुद्दाम त्या रेघेच्या हातभर वर ठोकून घेतली होती. एवढा मी सावध!

२०१९ चा ऑगस्ट उजाडला. आयर्विनला पंचेचाळीस झाले, पन्नास झाले. गल्लीतली माणसे निघू लागली. पुण्याहून धाकट्या भावाचा फोन : “दादा, आईला घेऊन नीघ.” मी भिंतीकडे पाहिले आणि त्याला सांगितले, “२००५ ला सोप्यात कमरेइतकं होतं. फार तर तेवढं होईल. आम्ही माळ्यावर बसू.” आई म्हणाली, “तू म्हणशील तसं.” तिचा माझ्यावर विश्वास होता, आणि माझा रेघेवर.

पाणी रेघेला लागले तेव्हा मी माझ्या अर्धवट कादंबरीचे बाड तेवढे माळ्यावर नेले. वडिलांची पेटी फळीवरच राहू दिली. ती रेघेच्या वर होती ना! संध्याकाळपर्यंत पाणी फळीला लागले. रात्री फळी दिसेनाशी झाली. आयर्विनची पातळी ५७ फुटांवर गेली होती; २००५ पेक्षा चार-एक फुटांनी अधिक. अंधारात, माळ्याच्या शिडीच्या वरच्या पायरीवर हात ठेवून मी पाणी चाचपीत होतो, आणि आई मागे जपमाळ ओढीत होती. एकदाही तिने मला दोष दिला नाही. पहाटे गल्लीतल्या पोरांनी होडी आणली, आणि सत्तरीच्या माझ्या आईला माळ्याच्या खिडकीतून ओढून बाहेर काढले. माझ्या कडेला कादंबरीचे बाड होते. त्या क्षणी त्या बाडाची मला जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. ती कादंबरी मी पुरी केली नाही.

पाणी उतरल्यावर चिखलात पेटी सापडली. वह्यांचा लगदा झाला होता. पट्टी तेवढी शिल्लक होती, तांबेरलेली.

मग सुरू झाले ते प्रत्येक पूरग्रस्त घरात होते तसे. भाऊ म्हणे, घर विकून टाका, आईला पुण्याला आणा. आई म्हणे, मी इथून हलणार नाही. मी दोघांचेही ऐके आणि काहीच करीत नसे. नकाशात आमचे घर पाहून आलो. त्यात दोन पूररेषा असतात : सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. यातही एक फसगत आहे. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे एकदा आला की नव्व्याण्णव वर्षे स्वस्थ झोपावे, असे नव्हे. त्याचा अर्थ इतकाच, की दर साली शंभरात एक वेळ त्याची शक्यता असते. आणि नदी मागच्या सालचा हिशेब पाहून येत नाही. २०२१ च्या जुलैत ती पुन्हा घरात आली. त्या खेपेला आम्ही वेळेवर निघालो होतो.

नकाशा मी आईपुढे पसरला आणि समजावून सांगू लागलो. तिने शांतपणे ऐकले, आणि म्हणाली, “अरे, रेघा मला कळतात. तुझ्या वडिलांबरोबर चाळीस वर्षं काढली मी. पण तू आणि तुझा भाऊ, दोघं मला ‘कुठं जायचं’ ते सांगता. तिथं माझं काय असेल, हे कुणी विचारलं का?”

खरेच, कोणी विचारले नव्हते. मी बेळगावच्या गोष्टी सांगणारा, गेडिसच्या मिरवणुकीने गहिवरणारा. पण आईच्या घराचा आराखडा मी तिला न विचारताच मनात आखून ठेवला होता. वर्तमानपत्रात आराखड्याची जाहिरात येते, तिच्याखाली ‘हरकती व सूचना’ मागवलेल्या असतात. कायद्याने तो हक्क गावातल्या प्रत्येकाला दिला आहे. माझ्या घरात तो आईला नव्हता.

मी विचारले, “काय काय पाहिजे तुला?”

तिची यादी फार लहान निघाली. दाराशी तुळस. सकाळचे ऊन येईल अशी स्वयंपाकघराची खिडकी. शेजारीण हाक मारील तर ऐकू येईल इतके जवळ शेजारघर. आणि महिन्यातून एकदा नदीवर जाता यावे. “नदी सोडायची म्हणजे नदीशी भांडायचं, असं थोडंच आहे?” ती म्हणाली.

कुपवाडच्या बाजूला, चढावर, एक लहानसा तुकडा आम्ही घेतला. पुण्याचा भाऊ निम्म्या खर्चाचा भागीदार झाला. पण त्या जागेवर एक कुदळही पडली नव्हती. माझे मन घेत नव्हते. काठावरचे घर सोडणे म्हणजे वडिलांची रेघ पुसणे, असे काहीसे मनात होते.

अशातच ती स्पर्धा झाली. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला बोलावले. चित्र हातात घेऊन विचारले, “ही तांबडी रेघ कशाची ग?”

ती म्हणाली, “सर, ती आमच्या घरातली हाय. पानी हितवर आलतं.”

“मग स्मार्ट शहरात ती कशाला काढलीस?”

तिने माझ्याकडे असे पाहिले, की मास्तर मी की ती, असा प्रश्न पडावा. म्हणाली, “सर, रेघ बघूनच नवी शाळा वर काढलीया न्हवं का? रेघ खोडली तर परत खालीच बांधत्याल की!”

नियंत्रण-कक्षातले पडदे वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. कोयनेचे दरवाजे कधी उघडले, आयर्विनला पाणी कधी पोहोचेल, हे चार तास आधी कळले तर माणसे वाचतात, हे मी माळ्यावर बसून शिकलो आहे. सातारा, सांगली आणि खालचा कर्नाटक यांनी एकमेकांना वेळेवर खबर दिली पाहिजे. नदीला जिल्ह्याच्या हद्दी ठाऊक नाहीत. पण पडद्यावर उमटणारी रेघ ही शेवटी आलेल्या पाण्याचीच असते. यायच्या पाण्यासाठी दोराभर जास्त धरणारी पट्टी माणसालाच बाळगावी लागते. आणि ती बाळगायची तर ज्यांच्या भिंतीवर रेघ आहे त्यांना विचारावे लागते. सहावीतल्या मुलीला हे ठाऊक होते. मला ठाऊक असून मी गप्प बसलो होतो.

मी मुख्याध्यापकांना विचारून तिचे चित्र चौकटीत घालून शाळेच्या जिन्यात लावले आहे. बक्षीस देण्याचा अधिकार मला नाही. खिळा ठोकण्याचा आहे.

त्या रविवारी गवंडी आणि चुन्याची फक्की घेऊन आम्ही चढावरच्या तुकड्यावर गेलो. आई रिक्षातून उतरली. पायाची आखणी सुरू होणार, इतक्यात तिने पिशवीतून एक फडके काढले आणि उलगडले. आत वडिलांची पट्टी होती. घासून घासून तिने तांबेरा काढला होता; आकडे पुन्हा दिसू लागले होते.

“हिनं आखा,” ती म्हणाली.

मी म्हटले, “आई, ही खऱ्या फुटापेक्षा मोठी आहे. माप जास्त भरेल.”

“ठाऊक आहे मला,” आई म्हणाली. “भरू दे.”

गवंड्याने टेपने मापे टाकली. फक्त आईच्या स्वयंपाकघराची दहा फूट भिंत मी वाकून त्या पट्टीने मोजली. सव्वा इंच जास्त भरली. गवंडी हसला, त्याला वाटले मास्तरांना मोजता येत नाही. यंदाच्या दिवाळीत त्या भिंती अजून उघड्याच आहेत, गिलावा व्हायचा आहे. म्हणून पहिली पणती आम्ही जुन्याच घरी लावणार आहोत. सोप्यात, भिंतीवरच्या दोन्ही रेघा उजेडात येतील अशा बेताने.